मापाची बंदूक

टोकियोत असताना मी बंदुका विकायचे. पुण्यात कुणी सहज विचारतं, "तुम्ही तिकडे काय करायचात?" मी हे उत्तर दिलं की समोरचा माणूस आधी माझ्या साडीकडे बघतो, मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा मान डोलावतो. मग मला खुलासा करावा लागतो की त्या खेळातल्या बंदुका होत्या.

खेळातल्या म्हणजे जत्रेतल्या नव्हेत. आकार, रंग, हातात घेतल्यावरचं वजन, सगळं खऱ्या रायफलसारखं. आत एक लहानशी मोटर आणि बॅटरी. चाप ओढला की वाळलेल्या वाटाण्याएवढी प्लॅस्टिकची गोळी हवेच्या दाबाने सुटते. कातडीला लागली तर लाल टिकली उठते, डोळ्याला लागली तर डोळा जाऊ शकतो, म्हणून जाड गॉगल लावल्याशिवाय मैदानावर पाऊल टाकू देत नाहीत. जपानमध्ये साध्या माणसाला खरी बंदूक मिळणं जवळपास अशक्यच. त्यामुळे खोट्या बंदुकांवरचं तिथलं प्रेम फार खरं आहे. आठवडाभर टाय लावून फिरणारे कारकून, दातांचे डॉक्टर, बसचे ड्रायव्हर रविवारी लष्करी कपडे घालून रानात जातात, दोन बाजू करतात आणि संध्याकाळी चिखलाचे बूट पिशवीत घालून शहाण्यासारखे घरी येतात.

मी त्या धंद्यात कशी आले, ते सांगते. भारतातून कॉम्प्युटरची माणसं विमानं भरभरून टोकियोत जात होती तो काळ. माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, एका बँकेच्या मोठ्या प्रोजेक्टवर पाठवलं आणि आम्ही टोकियोच्या निशी-कसाई भागात राहायला गेलो. सकाळी तो गेला की दार लागल्याचा आवाज व्हायचा आणि त्यानंतर दिवसभर त्या घरात आवाज करणारी मी एकटीच. कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटायचं. आमच्या इमारतीत मराठी बायका होत्या, चांगल्या होत्या. पण त्यांच्या गप्पा शाळेच्या दारात व्हायच्या, मुलं सुटायची वाट बघताना. आम्हाला मूल झालं नाही. शाळेच्या दारात उभं राहायला कारण लागतं.

वॉर्ड ऑफिसच्या फुकट वर्गात जाऊन मी जपानी शिकले. मन लावून शिकले, कारण दुसरं काही करायला नव्हतं. पुढे आकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एका दुकानाच्या काचेवर पाटी दिसली: इंग्रजी येणारी व्यक्ती हवी, अर्धवेळ. परदेशी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला माणूस हवा होता. मी आत गेले. दुकानाचे मालक होशिनो-सान म्हणजे साठीच्या आतले, बारीक, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी काही न विचारता एक रायफल माझ्या हातात दिली. मी सांगलीला कॉलेजात असताना छात्रसेनेत होते, बावीस बोअरची रायफल चालवलेली. हाताने आपोआप नळी जमिनीकडे केली, बोट चापाबाहेर ठेवलं आणि आत गोळी नाही ना ते आधी बघितलं. होशिनो-सान म्हणाले, "उद्यापासून या."

माझं नाव मेधा. जपानी जिभेला 'ध' जमत नाही, म्हणून दुकानात मी मेदा-सान झाले. मराठी कळणारं कुणी तिथे नव्हतं हे एक बरं. आईला फोनवर सांगितलं, खेळण्यांच्या दुकानात नोकरी लागली. ती खूश झाली. म्हणाली, "लहान मुलांत वेळ जाईल तुझा."  आमच्या दुकानात अठराच्या खालच्याला माल विकत नसत.

या धंद्यातली मुख्य गोष्ट अशी की गिऱ्हाईक चुकीचा प्रश्न घेऊन येतं. "सगळ्यात चांगली कुठली?" असं विचारतं. आम्ही उलट विचारायचो. हात केवढे आहेत? घरात ठेवणार कुठे? नेणार ट्रेनने की गाडीने? ट्रेनने नेताना बंदूक बंद पिशवीत हवी, तिचं टोकसुद्धा कुणाला दिसता कामा नये. भारतातली आयटीची मुलं शनिवारी घोळक्याने यायची, प्रत्येक रायफलबरोबर फोटो काढायची आणि निघून जायची. त्यातल्या एकाने खरोखरच घेतली. वर्षभराने परत आला. "मॅडम, पोस्टिंग संपलं. ही मुंबईच्या विमानतळावर काय म्हणून दाखवू?" आम्ही ती परत घेतली. एकदाच खेळला होता बिचारा. कोणाबरोबर जायचं तेच त्याला कळलं नव्हतं.

पण मला आज लिहायचंय ते तानिगुची-सानबद्दल.

एका गुरुवारी दुपारी त्या आल्या. साठीच्या पुढच्या, राखाडी कोट, पाठीवर त्यांच्या डोक्याच्याही वर जाणारी लांब काळी पिशवी. काउंटरवर पिशवी ठेवून त्यांनी चेन उघडली. आत एक लांब नळीची, दुर्बिणीची रायफल होती. झाडाआड दबा धरून दुरून एकेक गोळी मारतात, तसली. अगदी जपून वापरलेली.

"ही माझ्या नवऱ्याची," त्या म्हणाल्या. "ते हिवाळ्यात गेले. ही घेऊन तुम्ही मला दुसरी द्याल का?"

"देऊ की. कुणासाठी हवी आहे?"

"माझ्यासाठी."

त्या अगदी सरळ म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं. नवरा दर रविवारी पहाटे ही पिशवी घेऊन टोकियोशेजारच्या चिबा जिल्ह्यातल्या रानात जायचा. कित्येक वर्षं. संध्याकाळी यायचा, मोजे स्वतः धुवायचा, जेवायला बसायचा. त्या विचारायच्या, "कसं झालं?" तो म्हणायचा, "मजा आली." एवढंच. त्या दिवसभर घरात एकट्या असायच्या. आता त्याच्या गटाच्या लोकांनी शोकपत्र पाठवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, कधी यावंसं वाटलं तर या.

"मला जाऊन बघायचंय," त्या म्हणाल्या. "नुसतं कडेला उभं राहून नाही. ते जे करायचे ते करून."

होशिनो-सान आतल्या खोलीत बंदुका दुरुस्त करत. ते बाहेर आले, लांब रायफल ओळखली, खूप खाली वाकून नमस्कार केला आणि परत आत गेले. थोड्या वेळाने मला आत बोलावून म्हणाले, "तिला बंदूक विकायला नको."

"का?"

"तानिगुची तिथे फारसा खेळायचा नाही. बसलेला असायचा. ती जाईल आणि निराश होईल."

"मग आपण त्यांना काय सांगायचं?"

त्यांनी हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघितलं. "मला माहीत नाही," म्हणाले.

मी बाहेर आले. त्या बाईंनी मला नवऱ्याबद्दल काही विचारलं नव्हतं. त्यांना बसेल अशी बंदूक मागितली होती, आणि ती शोधून देणं माझं काम होतं.

ते काम सोपं नव्हतं. तानिगुची-सान उंचीने माझ्या खांद्याएवढ्या, हात आखूड. साधी रायफल खांद्याला लावली की त्यांचा पुढचा हात पोचेना आणि नळी हळूहळू खाली झुकायची. छोटी पिस्तुलासारखी बंदूक दिली तर म्हणाल्या, "ही खांद्याला लागत नाही. मला खांद्याला लागणारी हवी." तेव्हा मी बुलपप काढल्या.

आपल्याकडे हा शब्द फारसा कुणी ऐकलेला नसतो. नेहमीच्या रायफलमध्ये गोळ्यांचं मॅगझिन चापाच्या पुढे असतं आणि खांद्याला टेकतो तो दस्ता मागे नुसता मोकळा. बुलपपमध्ये ती मोकळी जागा वापरून टाकतात. मॅगझिन आणि सगळी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्यात, अगदी गालाखाली. त्यामुळे नळी तेवढीच राहून बंदूक वीतभर आखूड होते. वजन खांद्याजवळ येतं, पुढचा हात दमत नाही. लहान घरात, लहान कपाटात मावते. दोषही आहेत. मॅगझिन बदलायचं तर काखेत हात घालून चाचपडावं लागतं. चाप पुढे आणि यंत्र मागे, मध्ये लांब दांडी, म्हणून चाप ओढताना जरा ओल्या मातीत बोट घातल्यासारखं वाटतं. हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे. बंदूक घरी गेल्यावर कळलं तर ते माझ्याकडे परत यायचं नाही.

मी तीन काढल्या. फ्रेंच बनावटीची होती तिला वर लांबलचक मूठ. नेम धरायला तानिगुची-साननी टाचा उंच केल्या आणि स्वतःच हसल्या. बेल्जियन होती तिचं मॅगझिन वरच आडवं. ती त्यांना 'इस्त्रीसारखी' वाटली. तिसरी ऑस्ट्रियन, तिची आखूड आवृत्ती. ती त्यांनी उचलली आणि विचार न करता डाव्या खांद्याला लावली.

"तुम्ही डावऱ्या आहात?"

त्यांनी बंदूक पटकन खाली घेतली. "होते. लहानपणी चॉपस्टिक उजव्या हातात धरायला लावल्या. तेव्हापासून नाही."

मी त्यांना सांगितलं, खऱ्या बुलपपमध्ये डावऱ्या माणसाची पंचाईत होते. रिकामं काडतूस उजव्या बाजूने उडतं ते थेट गालावर. पण आपल्या बंदुकीतून काहीच उडत नाही. "इथे तुम्ही डावऱ्या राहू शकता." त्यांनी ती पुन्हा डाव्या खांद्याला लावली आणि बराच वेळ समोरच्या भिंतीवर नेम धरून उभ्या राहिल्या.

तरी त्या दिवशी घेतली नाही. पुढच्या गुरुवारी आल्या, परत तिन्ही हाताळल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. दुपारी दुकानात गर्दी नसायची. त्या मॅगझिन काढायचा आणि बसवायचा सराव करायच्या आणि आम्ही बोलायचो. म्हणजे असं, की बहुतेक मीच बोलायचे. त्यांना मी सांगलीच्या घाटावरच्या भेळेबद्दल सांगितलं. छात्रसेनेच्या कॅम्पात माझा पहिला नंबर आला होता आणि वडिलांनी ते शेजाऱ्यांपासून लपवलं होतं, तेही सांगितलं. डॉक्टरांनी आम्हाला मुलाबद्दल शेवटचं जे सांगितलं, तेसुद्धा. माझं जपानी त्या गोष्टीला पुरण्याएवढं नव्हतं. त्या मॅगझिन हातात धरून शांत ऐकायच्या.

तिसऱ्या खेपेला त्यांनी ऑस्ट्रियन घेतली. पैसे देताना म्हणाल्या, "मेदा-सान, रविवारी तुम्ही याल का बरोबर? मला तिथे कुणी ओळखत नाही."

त्या रविवारी श्रीकांतच्या बँकेत कसलीशी सिस्टीम बदलायची होती, तो घरी नसणारच होता. मी गेले.

चिबाच्या त्या छोट्या स्टेशनवर आम्हाला न्यायला मोरी-सान आले होते. ते गटाचे म्होरके, एरवी दातांचे डॉक्टर. मैदान म्हणजे उंच, सरळ जपानी देवदारांचं दाट रान, त्यात लाकडी आडोसे, जुने पिंप, मातीचे बंधारे. एका कडेला जाळी लावून बसायची जागा केलेली. तिथे गोळ्या उडवायच्या नाहीत. त्या जागेत एका झाडाखाली घडीची हिरवी खुर्ची उघडून ठेवली होती. बाकी सगळे खाली ताडपत्रीवर बसले होते.

"ही तानिगुची-सानांची," मोरी-सान म्हणाले.

"ते इथे बसायचे?" बाईंनी विचारलं.

"सकाळचा पहिला खेळ खेळायचे. त्यात लगेच बाद व्हायचे. मग दिवसभर इथेच. कुणाची बंदूक अडकली तर नीट करून द्यायचे, संत्री सोलायचे." मग आठवून ते हसले. "आणि बोलायचे. त्यांच्या गोष्टी ऐकायला आम्ही मुद्दाम बाद होऊन यायचो."

तानिगुची-सानच्या चेहऱ्यावरचं मला काही वाचता येईना. "कसल्या गोष्टी?" त्यांनी विचारलं.

"गावाकडच्या. बर्फाच्या. धाकटा भाऊ नदीत गेला त्या दिवसाची तर..." मोरी-सान एकदम थांबले. बाईंकडे बघून त्यांना कळलं असावं. 

तानिगुची-सान मला नंतर म्हणाल्या, घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यात एका लहान मुलाचा फोटो होता. लग्न झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, हा कोण. "भाऊ," नवरा म्हणाला होता. इतक्या वर्षांत त्याच्यापुढे एक शब्द नाही.

त्या वेळी मात्र त्यांनी गॉगल लावला, पट्टा गळ्यात अडकवला आणि सगळ्यांबरोबर रानात शिरल्या. मी त्यांच्या मागे, भाड्याची बंदूक घेऊन.

या खेळात पंच नसतो. गोळी लागली की ज्याला लागली त्यानेच "हिट" म्हणून ओरडायचं, हात वर करायचा आणि चालत बाहेर यायचं. लागली की नाही ते दुसऱ्या कुणाला कळत नाही. शिट्टी झाली आणि सगळीकडे टकटक सुरू झाली. मला पहिल्या पाच मिनिटांत दंडावर लागली. हात वर करून निघाले तेव्हा मागे वळून बघितलं. तानिगुची-सान एका बुटक्या बंधाऱ्यामागे गुडघ्यावर बसल्या होत्या. लांब बंदूक तिथे वळलीच नसती. ही वळत होती. डाव्या खांद्याला लावून त्या डाव्या कडेने बघत होत्या, आणि समोरचे सगळे उजवीकडून कुणी डोकावेल म्हणून टपून होते.

त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, गुडघे चिखलाने भरलेले. त्यांच्या आधी मोरी-सान बाहेर आले होते, गळा चोळत. "तुमच्या गिऱ्हाइकाने मारलं," मला म्हणाले.

जेवायच्या सुट्टीत मोरी-साननी त्यांना खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. ताडपत्रीवर बूट काढून, पाय दुमडून, मोरी-सानच्या समोर बसल्या. म्हणाल्या, "त्या नदीचं मला सांगा. पहिल्यापासून."

मोरी-सान म्हणाले, "मी सांगणं बरं दिसेल का?"

"दुसरं कोण सांगणार?"

त्यांनी सांगितलं. जिथे ते अडत तिथे दुसरा कुणी भर घालत होता. दुपारचे खेळ झालेच नाहीत. शिट्टी वाजवणारा पोरगेला कारकूनही येऊन बसला. मी जरा लांब बसले होते, अर्धं कळत होतं. मधूनच तानिगुची-सान विचारायच्या, "तेव्हा त्यांचं वय काय होतं?" किंवा "घरी जाऊन आईला कुणी सांगितलं?" जणू त्या गोष्टीत आता काही करता येणार होतं. रडल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "मी घरातच होते की." कुणाला उद्देशून ते मला कळलं नाही. 

परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही शेजारी बसलो. त्यांची आखूड पिशवी त्यांच्या मांडीवर मावली होती. फुनाबाशी स्टेशन गेल्यावर त्या म्हणाल्या, "मला त्यांचा राग आलाय. मेलेल्या माणसावर रागवून काय करायचं ते कळत नाही."

मी म्हटलं, "होशिनो-सानना माहीत होतं ते बसलेले असतात म्हणून. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तरी गेले असते." मग खिडकीतून बाहेर बघत त्यांनी विचारलं, "तुमचे मिस्टर घरी बोलतात?"

"कामाचं बोलतात. दमलेले असतात."

"आणि तुम्ही?"

 तीन गुरुवार मी या बाईंपुढे बसून बोलत होते. घाटावरची भेळ, वडील, डॉक्टरांची ती खोली. त्यातलं श्रीकांतला मी काय सांगितलं होतं? डॉक्टरांच्या खोलीत तर तो माझ्या शेजारीच होता. बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी स्टेशनवर मुकाट कॉफी घेतली होती आणि तो ऑफिसला गेला होता.

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. निशी-कसाईला मी उतरले तेव्हा बसल्या जागी वाकून नमस्कार केला.

घरी आले तर श्रीकांत आलेला होता, सिस्टीम दुपारीच बदलून झाली म्हणे. लॅपटॉप उघडा, चहाचा कप शेजारी. "कुठे गेली होतीस?" त्याने विचारलं.

एरवी मी म्हटलं असतं, दुकानाच्या कामाला. त्या दिवशी मी बाही वर करून दंडावरची लाल टिकली त्याच्यासमोर धरली. "गोळी लागली."

तो लॅपटॉपवरून उठला. मग मी बसून सगळं सांगितलं. बाईंची लांब पिशवी, त्यांचा डावा हात, ती हिरवी खुर्ची. मी मराठीत एवढं सलग कधी बोलले होते, मला आठवत नव्हतं. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "थांब. बुलपप म्हणजे काय?"

इतकी वर्षं मी नोकरी करत होते आणि त्याने हा प्रश्न विचारला नव्हता. पण मीही असं काही बोलले नव्हते की त्याला प्रश्न पडावा. मी दाराशी ठेवलेली घडीची छत्री आणली, खांद्याला लावली आणि दाखवायला लागले. इथे चाप समज. नेहमीच्या बंदुकीत मॅगझिन याच्या पुढे असतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बँकेतून होता. तो उठून गॅलरीत गेला आणि मागे काच ओढून घेतली. बाहेर अंधारत होतं, समोरच्या इमारतीतले दिवे लागत होते. काचेपलीकडे तो बोलत होता, हात हलवत होता. असे फोन तास तास चालत. मी छत्री खांद्याला तशीच धरून उभी होते. खाली ठेवावी असं मनात आलं. भात लावायचा होता.

काच सरकली. त्याने फोन टेबलावर उपडा ठेवला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "हं. मॅगझिन पुढे असतं. आणि हिच्यात?"